सिंहाच्या घरातले नवे भाडेकरू

न्यू यॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९०३ साली सिंहांचे घर बांधून झाले. हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांच्या जोडीने आखलेली भारदस्त इमारत, दर्शनी भागावर कोरलेले सिंह आणि आत पिंजऱ्यांच्या रांगा. त्या काळच्या बहुतेक प्राणिघरांप्रमाणे तिथेही आत राहणाऱ्यांपेक्षा बाहेरून पाहणाऱ्यांचा विचार जास्त झाला होता. पुढे मोठ्या मांजरांना मोकळी आवारे हवीत हे सगळ्यांनाच पटले, सिंह-वाघ टप्प्याटप्प्याने बाहेर पडले आणि इमारत ओस पडली. पाडायचीही सोय नव्हती, कारण ती शहराच्या वारसा यादीत गेली होती. अखेर जून २००८ मध्ये तिचे दार पुन्हा उघडले. दारावर नाव होते ‘मादागास्कर!’, आणि आत होते लेमूर, सिफाका, फोसा आणि हजारो फुत्कारणारी झुरळे. (या झुरळांना आपल्या माणसाचे नाव देण्याची सोय हे प्राणिसंग्रहालय व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास करून देते आणि लोक हौसेने पैसे भरतात. प्रेमाच्या तऱ्हा!)

दोनशे किलोच्या जनावराच्या घरात दोन-अडीच किलोचे लेमूर. ऐकायला किती सोपे वाटते. जागा ऐसपैस, भिंती भक्कम, आणखी काय हवे? प्रत्यक्षात त्या बदलाला सहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला आणि इमारतीचे बाहेरचे कवच सोडले तर आतले जवळजवळ सगळे नव्याने करावे लागले. आता ब्राँक्सचे अंदाजपत्रक सगळ्यांकडे नसते. पण ज्या अडचणींपायी तो खर्च झाला, त्या कमी-जास्त प्रमाणात प्रत्येक ठिकाणी येतात. मोठ्या प्राण्याची जागा लहान प्राण्याला देणे म्हणजे मोठ्या मुलाचा सदरा धाकट्याला घालणे, असे समजणारे व्यवस्थापन हमखास फसते.

जागा रिकाम्या का पडतात, हे आधी थोडक्यात. काही वेळा प्राण्याची गरज आपल्याला उशिरा कळते. लंडन प्राणिसंग्रहालयात ह्यू कॅसन यांनी १९६० च्या दशकात हत्ती आणि गेंड्यांसाठी खडबडीत काँक्रीटचे घर बांधले. ते वास्तुकलेचा नमुना म्हणून गाजले, पण २००१ मध्ये तिथले हत्ती गावाबाहेरच्या व्हिप्सनेडला हलवले गेले. शहराच्या मध्यभागी हत्तीला पुरेल इतकी जमीनच नव्हती. काही वेळा प्राणी म्हातारे होऊन जातात आणि त्यांच्या जागी नवे आणायचे नाहीत असे ठरलेले असते. आणि अलीकडे युरोपात कायद्यानेही पिंजरे रिकामे होऊ लागले आहेत.

हा कायदा लहान सस्तन प्राण्यांच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये परक्या आक्रमक प्रजातींविषयी नियम केला आणि २०१६ मध्ये त्याची पहिली यादी जाहीर केली. रॅकून, दक्षिण अमेरिकेतला कोआटी, सैबेरियन चिपमंक, करडी खार आणि आपल्याकडचे छोटे भारतीय मुंगूसही त्या यादीत आहे. ऊस खाणारे उंदीर मारावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात हेच मुंगूस कॅरिबियन बेटांवर आणि हवाईत नेऊन सोडले गेले होते. तिथल्या पक्ष्यांचे आणि सरड्यांचे त्याने काय केले हे जीवशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. यादीतल्या प्राण्यांची पैदास करायला आणि देवाणघेवाण करायला मनाई आहे. जे आधीपासून आहेत त्यांना बंदोबस्तात ठेवून आयुष्य पुरे करू द्यायचे. कोआटी आणि रॅकून हे युरोपातल्या लहान प्राणिसंग्रहालयांचे हुकमी प्राणी. दिवसा दिसतात, चपळ, खोडकर, मुलांचे लाडके, खाण्याच्या बाबतीत बिनतक्रार. ते एकेक करून जात राहिले की तिथे कोण आणायचे, हा प्रश्न आज शेकडो कीपरांपुढे आहे.

नवा प्राणी येण्याआधी सगळ्यात पहिला संशय घ्यावा लागतो तो जमिनीचा. वाघ-सिंह-बिबट्या जिथे राहून गेले, तिथल्या मातीत टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची कवचबंद बीजरूपे असू शकतात. या परजीवीचे जीवनचक्र मार्जारकुळातल्या प्राण्याच्या आतड्यातच पुरे होते. त्यामुळे मांजराची विष्ठा, मग ती घरच्या मनीची असो की वाघाची, हा त्याचा प्रसाराचा मार्ग. ओलसर, सावलीच्या मातीत ही बीजरूपे वर्षभराहूनही अधिक काळ टिकतात आणि नेहमीची जंतुनाशके त्यांना फारशी जुमानत नाहीत. माणसांना बहुधा याचा पत्ताही लागत नाही. लेमूर, वॉलबी, दक्षिण अमेरिकेतली छोटी माकडे आणि मीरकॅट यांना मात्र हा संसर्ग झाला तर प्राणी काही दिवसांत मरू शकतो. याची एक मांडणी अशी आहे की मादागास्कर आणि ऑस्ट्रेलियात मुळात मांजरे नव्हतीच, आणि दक्षिण अमेरिकेतली ही माकडे झाडावरून खाली क्वचितच उतरतात. त्यामुळे या परजीवीशी झुंजायची सवय त्यांच्या शरीराला कधी लागलीच नाही. जाता जाता सांगायचे तर ब्राँक्समधला फोसा मांजरासारखा दिसतो, पण तो मांजर नव्हे. त्याचे नाते मुंगसाशी जवळचे. या परजीवीच्या भीतीमुळेच जुन्या मार्जारघराची वरची माती खणून काढणे, नवी भरणे आणि भटक्या मांजरांना आत शिरता येणार नाही अशी तजवीज करणे, ही कामे रंगरंगोटीच्या आधी येतात.

रंगाचीही स्वतंत्र कथा आहे. जुन्या प्राणिघरांच्या गजांवर आणि भिंतींवर रंगाचे थरावर थर चढलेले असतात आणि खालच्या थरांत बहुधा शिसे असते. १९७० च्या आसपास वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात काही माकडांना झटके येऊ लागले, काहींची दृष्टी गेली. पशुवैद्यांनी शोध घेतला तेव्हा कारण निघाले पिंजऱ्यांचा रंग. तिथल्याच फळखाऊ वटवाघळांतही शिशाची विषबाधा आढळली. सिंह गज कुरतडत बसत नाही. माकडे, वटवाघळे आणि कृंतक मात्र तोंडाने जग तपासतात: चाटतात, कुरतडतात, पोपडे सोलतात. त्यात शरीर इतके लहान की चिमूटभर विषही पुरते. तेव्हा जुने लोखंड उघडे पडेपर्यंत खरवडायचे, नाहीतर गज काढूनच टाकायचे.

गज तसेही काढावेच लागतात. सिंहाला अडवणाऱ्या दोन गजांमधून मार्मोसेटचे अख्खे कुटुंब आरामात ये-जा करेल. माकडांतले सगळ्यांत लहान असलेले पिग्मी मार्मोसेट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका मध्यम बटाट्याएवढे. लहान सस्तनांच्या बाबतीत कीपरांचा साधा नियम असा: डोके गेले की अंग जाते. जाळीचा डोळा, दाराखालची फट, सांडपाण्याचे भोक, वायर आत येते ती जागा, हे सगळे मोजून पाहावे लागते. आणि ही काळजी एकाच दिशेची नसते. आतल्याने बाहेर जाऊ नये, तसे बाहेरच्यानेही आत येऊ नये. घरातला साधा उंदीर सिंहाच्या पिंजऱ्यात शिरला तर फार तर सांडलेले अन्न पळवेल. तोच टॅमरिनसारख्या छोट्या माकडाच्या पिंजऱ्यात शिरला तर प्राणघातक ठरू शकतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत टॅमरिन आणि मार्मोसेट यकृताच्या गूढ आजाराने दगावले. मागे हात होता एका विषाणूचा, आणि तो विषाणू घेऊन फिरत होते घरगुती उंदीर. काही ठिकाणी तर पौष्टिक खाऊ म्हणून या माकडांना उंदरांची पिल्ले खायला दिली जात होती. रोगाचा उगम तिथेच होता.

मग येतो उजेड. जुन्या घरांच्या छतांना काचेची तावदाने असतात. आत भरपूर प्रकाश दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते, सूर्यप्रकाश येतोय की. पण साधी काच अतिनील किरणांतला तो भाग अडवते ज्याच्या साहाय्याने कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना ते विशेष हवे असते, आणि वनस्पतीजन्य ड-२ त्यांच्या शरीराला नीट वापरता येत नाही. पूर्वीच्या काळी काचेआड वाढलेल्या मार्मोसेटांची हाडे वाकत, मागचे पाय लुळे पडत. कीपर त्याला पिंजऱ्यातला लकवा म्हणत. आता आहारात ड-३ घालतात, विशेष दिवे लावतात, किंवा छत बदलतात. ब्राँक्सच्या सिंहघरावर काचेऐवजी ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या हवाभरल्या उशांचे छत घातले गेले. हे प्लास्टिक काचेपेक्षा कितीतरी हलके असते आणि अतिनील किरणे आत येऊ देते. शंभर वर्षांपूर्वीच्या तुळयांवर जादा वजनही पडत नाही.

वास आणि आवाज यांकडे मात्र आजही पुरेसे लक्ष जात नाही, कारण ते आपल्या नाकाकानांना जाणवत नाहीत. भक्षकाच्या विष्ठेचा नुसता वास दिला तरी कापूसडोकी टॅमरिन बेचैन होतात, हे प्रयोगांत दिसले आहे. त्यांनी तो भक्षक आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. म्हणजे शेजारच्या भिंतीआड अजून बिबट्या असेल, तर इकडच्या लहान प्राण्याला तो दिसला नाही तरी घरात असतोच. उंदीरवर्गीय प्राणी आपल्या श्रवणकक्षेच्या कितीतरी वरचे आवाज ऐकतात. एखादा जुना दिवा, पंख्याचा रेग्युलेटर किंवा गळका नळ आपल्याला शांत वाटतो. त्यांच्यासाठी ती अखंड किणकिण असू शकते.

स्थलांतराच्या दिवसाचीही एक रीत आहे, आणि ती बघण्यासारखी असते. टॅमरिन-मार्मोसेट कुटुंबाने लाकडी पेटीत झोपतात, सगळे एकमेकांना बिलगून. कीपर पहाटे, ते उठायच्या आत, पेटीचे सरकते दार हळूच बंद करतात आणि कुटुंबच्या कुटुंब, पेटीसकट, नव्या घरात नेऊन टांगतात. जाळे नाही, पाठलाग नाही. नव्या घरात आधीच जुन्या घरातल्या दोन-चार फांद्या न धुता आणून बांधलेल्या असतात. या माकडांच्या छातीवर आणि शेपटीखाली गंधग्रंथी असतात. फांद्यांवर घासून ठेवलेला आपला वास त्यांना आपल्या हद्दीची खूण पटवतो. सगळे चकचकीत, फिनेल मारलेले घर माणसाला आवडते. टॅमरिनला त्यात आपले काहीच सापडत नाही. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगून ठेवले होते की बंदिस्त प्राण्यासाठी जागेच्या आकारापेक्षा जागेचा दर्जा महत्त्वाचा: निजायची, लपायची, टेहळणीची, खूण करायची ठिकाणे. ते मोठ्या प्राण्यांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, लहानांना लागू पडते.

आता मीरकॅट. जगभर कुठलाही पिंजरा रिकामा झाला की आज पहिले नाव त्याचे निघते. पाऊण किलोचा, मुंगसाच्या कुळातला, मागच्या पायांवर उभा राहून क्षितिज न्याहाळणारा हा कालाहारीचा रहिवासी २००५ पासून एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे आणि २००९ पासून ब्रिटनमधल्या एका विमा-जाहिरातीमुळे घराघरात पोचला. प्राणिसंग्रहालयांना तो परवडतोही: दिवसा जागा, कळपाने राहणारा, सतत काही ना काही करणारा. पण त्याच्या घराचा कस खाली, जमिनीत लागतो. मीरकॅट खणतो. दिवसभर खणतो. जुन्या काँक्रीटच्या तळावर अर्धा फूट वाळू टाकली तर नखे घासण्यापलीकडे काही होत नाही. उलट तळ नसेल तर तो एका रात्रीत भिंतीखालून शेजाऱ्याकडे निघतो. म्हणून खोलवर जाळी किंवा काँक्रीट, वर भरपूर माती-वाळूचे मिश्रण (नुसत्या वाळूत बिळे ढासळतात), आणि कडेच्या भिंती चढता न येण्याजोग्या गुळगुळीत. पोटावरची केस विरळ असलेली काळसर कातडी सकाळच्या उन्हाकडे करून तो अंग तापवतो, त्यामुळे थंड देशात उष्ण दिवे आणि कोरडे तापलेले खडक लागतात. आणि नजर टाकायला उंचवटा. चारी बाजूंनी उंच भिंती असलेल्या जुन्या अस्वलखड्यात मीरकॅट सोडला तर त्याचा पहारेकरी पहारा कुठे देणार? त्याला दिसते ते वरून वाकलेल्या माणसांच्या डोक्यांचे कडे.

इंग्लंडमधल्या डडली प्राणिसंग्रहालयात या सगळ्या गोष्टी बऱ्यापैकी जुळून आल्या. ते १९३७ मध्ये सुरू झाले तेव्हा बर्थोल्ड ल्युबेत्किन यांच्या टेक्टन संस्थेने तिथे पांढऱ्या काँक्रीटच्या वळणदार इमारतींची मालिका उभारली. त्यांतल्या बारा आज संरक्षित वारसा आहेत. त्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी उघड्यावरचे एक आवार होते. आज तिथे मीरकॅट राहतात. थंड रक्ताच्या प्राण्यांना ऊन मिळावे म्हणून जी जागा निवडली, ती ऊन शेकणाऱ्या मीरकॅटला मानवली यात नवल नाही. इमारतीचे रूप बदलावे लागले नाही आणि प्राण्याचेही भागले.

पण हा योग दर वेळी येत नाही. याच ल्युबेत्किन यांचे लंडनमधले १९३४ चे पेंग्विन-कुंड जगभरच्या वास्तुकलेच्या पुस्तकांत आहे: एकमेकांत गुंफलेले दोन निमुळते उतार, आणि ते आधाराशिवाय तोलून धरण्यात ओव्ह अरुप यांचे अभियांत्रिकी कौशल्य. त्या काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या तळव्यांना बारीक जखमा होत, त्यांत संसर्ग होई. २००४ मध्ये पेंग्विन हलवले गेले ते कायमचे. वारसा म्हणून इमारतीला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण असल्यामुळे तिच्यात मोठे फेरफार करता येत नाहीत, आणि फेरफार न करता तिथे सुखाने राहील असा प्राणी मिळत नाही. २०१९ मध्ये ल्युबेत्किन यांच्या मुलीनेच सुचवले की ज्यासाठी बांधले त्यासाठी वापरता येत नसेल तर ते उडवूनच द्यावे. तसे अर्थातच झाले नाही. तरीही या वादात प्राण्यांच्या बाजूने बोलण्यासारखे एकच आहे: काही घरे रिकामीच ठेवावीत. दगडाचा वारसा दगड म्हणून दाखवायला हरकत नाही. तो वापरात असल्याचे भासवण्यासाठी चार साळिंदरे आणून बसवायची गरज नसते.

त्याच प्राणिसंग्रहालयातला मॅपिन टेरेसेस हा कृत्रिम डोंगर याहून लवचीक निघाला. १९१४ च्या सुमारास जे. जे. जोआस यांनी तो उभारला. आधी अस्वले आणि डोंगरी बकऱ्या होत्या. मग काही वर्षे बंद. १९९० च्या दशकात तिथे आपल्याकडची अस्वले आणि हनुमान वानर एकत्र नांदले, आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या वॉलबी व एमू आले. अस्वलापासून वॉलबीपर्यंतचा हा उतरता क्रम जागतिक प्राणिसंग्रहालयांच्या गेल्या शंभर वर्षांचा छोटा आलेखच म्हणावा लागेल.

पाण्याच्या बाबतीत नजरचूक होते ती पाणमांजरांना जागा देताना. सील किंवा पेंग्विनांचे कुंड रिकामे झाले की आशियाई छोट्या नखांचे पाणमांजर आणायचे असे सहज सुचते: जगातले सगळ्यांत लहान पाणमांजर, गोड, कुटुंबवत्सल, पाण्यात राहणारे. पण ते पाण्यात जितके राहते त्याहून जास्त वेळ काठावर असते. खारफुटीच्या चिखलात आणि भातखाचरांत खेकडे चाचपणारा हा प्राणी आहे. पाण्याच्या बाहेर आल्यावर अंग घासून कोरडे करायला त्याला गवत, माती, पालापाचोळा लागतो. केस ओले राहिले की त्यांतली हवा जाते, थंडी आत शिरते, न्यूमोनिया होतो. सीलच्या कुंडात हे प्रमाण उलटे असते, सगळीकडे पाणी आणि कडेला काँक्रीटची पट्टी. तेव्हा निम्म्याहून अधिक कुंड बुजवून त्यावर जमीन करायची तयारी असेल तरच हा बेत करावा.

कुंड बुजवणे, माती बदलणे ही कामे निदान दिसतात. निशाचर प्राण्यांच्या घरात दिवस आणि रात्रीची अदलाबदल करावी लागते. ब्रिस्टलने १९५० च्या दशकात आणि लंडनने १९६७ मध्ये चार्ल्स क्लोर यांच्या देणगीतून बांधलेल्या लहान सस्तनांच्या घराच्या तळघरात हा प्रयोग केला. रात्री लख्ख दिवे लावायचे म्हणजे प्राणी झोपतात. सकाळी प्रेक्षक यायच्या वेळी मंद उजेड करायचा म्हणजे ते उठून कामाला लागतात. कुठल्याही बिनखिडक्यांच्या जुन्या इमारतीत हे जमते, म्हणून पुनर्वापरासाठी हा मार्ग लोकप्रिय झाला. पण दिवा कोणत्या रंगाचा, यावर बरेच अवलंबून आहे. अनेक ठिकाणी चांदण्यासारखा वाटतो म्हणून निळा उजेड वापरला गेला, आणि लोरिससारख्या प्राण्यांवरच्या अलीकडच्या अभ्यासांत दिसले की त्यांना लाल उजेड जास्त मानवतो, निळ्यात ते कमी हालचाल करतात. प्रेक्षकाला काय चांदणे वाटते, याच्याशी लोरिसच्या डोळ्याला काही देणेघेणे नाही. क्लोर इमारतीचा वरचा मजला पुढे पूर्ण बदलला गेला. काचेच्या पेट्यांच्या रांगा गेल्या आणि मध्ये एक दमट, झाडीचे दालन आले. त्यात टॅमरिन आणि स्लॉथ प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरतात. लहान सस्तनांचे घर लहान सस्तनांसाठीच पुन्हा बांधावे लागले, हे या साऱ्यातले सगळ्यांत बोलके उदाहरण म्हणता येईल.

भिंती किती लागतात याचेही एक उत्तर वॉशिंग्टनने दिले. ब्राझीलच्या किनारी जंगलातला सोनेरी सिंह टॅमरिन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अवघा दोनशेच्या आसपास उरला होता. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जीवशास्त्रज्ञ डेव्हरा क्लायमन यांनी बंदिवासात त्यांची पैदास मार्गी लावली आणि १९८४ पासून काही कुटुंबे ब्राझीलला पाठवली. पिंजऱ्यात वाढलेली माकडे जंगलात गोंधळली. सरळ, घट्ट खिळलेल्या फांद्यांवर हिंडलेल्या त्यांना हलती फांदी ठाऊकच नव्हती. मग १९८६ पासून वॉशिंग्टनमध्येच काही कुटुंबे पिंजऱ्याबाहेर, उघड्या झाडांवर सोडली जाऊ लागली. जाळी नाही, कुंपण नाही. सहलीला नेतात तशा थंड पेटीला भोक पाडून केलेली झोपायची पेटी झाडाला टांगलेली असे, खाणे तिथेच मिळे, आणि माकडे त्याच्या आसपासच राहत. आज ब्राझीलमधल्या या माकडांपैकी सुमारे एक-तृतीयांश बंदिवासातून पाठवलेल्यांचे वंशज आहेत.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने येतो. पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले आणि सारसबागेशेजारची ती जागा प्राण्यांसाठी राहिलीच नाही. गर्दीच्या शहरी बागेसाठी तो शहाणपणाचा निर्णय होता. दुसरीकडे, १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडांचे सर्कशीतले खेळ बंद झाले. सोडवलेल्या सिंहांसाठी देशात अनेक ठिकाणी बचाव केंद्रे उभारली गेली. हे बहुतेक आशियाई-आफ्रिकी संकर होते, म्हणून त्यांची पैदास होऊ दिली नाही. ते म्हातारे होऊन गेले. त्यांच्या पक्क्या बांधणीच्या कोठड्या आणि खंदक आज भारतीय प्राणिसंग्रहालयांपुढचा आपला प्रश्न आहेत, आणि वर सांगितलेले सगळे, माती, गज, छत, तिथेही तसेच लागू होते. आपल्या जुन्या वाघ-खंदकांचा भर उभ्या भिंतींवर आणि पाण्यावर आहे. उदमांजर किंवा शेकरू त्या भिंती खेळत चढून जाईल. वरून जाळी टाकल्याशिवाय त्या जागेचा त्यांच्यासाठी उपयोग नाही.

मग तिथे कोण यावे? पहिल्या यादीत मीरकॅटचे नाव असणारच. प्रेक्षक तेच मागतात. पण मीरकॅट धोक्यात नाही, आणि तो आपल्या मातीतला नाही. भारतात लोकांनी नावापलीकडे कधी न पाहिलेले लहान सस्तन प्राणी रांगेने उभे आहेत: खवले मांजर, लाजवंती, पिसोरी, उदमांजर, साळिंदर, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. त्यांना सांभाळणे कठीण आहे, कारण त्यांच्याबद्दल आपल्याला कमी माहिती आहे. आणि माहिती कमी आहे, कारण त्यांना नीट घर कुणी दिले नाही. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने १९८२ मध्येच देशातले पहिले निशाचर प्राणिघर सुरू केले होते. त्याच प्राणिसंग्रहालयात, पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या लॅकोन्स प्रयोगशाळेच्या साथीने, २०१० पासून पिसोरीची नियोजित पैदास सुरू झाली. पिसोरी म्हणजे सशापेक्षा थोडी मोठी, जेमतेम दोन-तीन किलोची, पायांखालचा पालाही न वाजवता चालणारी खूरवाली. तिला प्रदर्शनातली काच, गर्दी आणि उघडा मैदानी पिंजरा यांतले काहीच चालत नाही. शांत, झुडपांचे, माणसांपासून दूरचे छोटे आवार लागते. ते दिल्यावर संख्या वाढली, आणि पुढे त्यांतल्या पिसोऱ्या तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात सोडल्या गेल्या.